पॉप-अप कॅम्पर: आतून काय करून घ्यावं, सामान कसं भरावं?

चाकोरीबाहेर

नमस्कार मंडळी,

गेल्या महिन्यात आम्ही एक जुना पॉप-अप कॅम्पर घेतला. घडी केलेला असताना छातीएवढ्या उंचीचा ट्रेलर. हँडल फिरवलं की छप्पर वर जातं, पुढून-मागून दोन पलंग बाहेर ओढले की कापडी भिंती ताणल्या जातात. इतकी वर्षं आम्ही तंबूतच झोपायचो. पण सासूबाईंना (वय ७१) आता जमिनीवरून उठायला त्रास होतो, म्हणून दोन वर्षं त्या आमच्याबरोबर आल्याच नाहीत. त्या नसल्या की मुलांनाही करमत नाही. कॅम्पर घेतला तो मुख्यतः त्यांच्यासाठी. आम्ही एकूण पाच जण, मुलं नऊ आणि पाच वर्षांची.

तीन आठवड्यांनी पहिली सहल आहे, चार रात्रींची. मी केलेली यादी अशी: गाद्यांवर घालायला जाड फोम, पडदे, छोटा पंखा, सामानाचे प्लास्टिकचे डबे, घडीचं टेबल, पाच खुर्च्या, बाहेर अंथरायला चटई, कोरडं शौचालय, आणि मुलांच्या दोन सायकली छपरावर बांधायला स्टँड. पाण्याची टाकी ७५ लिटरची आहे, ती घरूनच भरून घ्यायचा विचार आहे. शेगडी, छोटा फ्रिज आणि हीटर कॅम्परमध्ये आधीपासून आहेत.

यात काय राहिलं? काय जास्त झालं? आणि हे सगळं नेमकं कुठे ठेवायचं? बंद केल्यावर आत जेमतेम हात जातो.

पाना_पक्कड

अभिनंदन! सासूबाईंसाठी घेतलात हे वाचून फार बरं वाटलं.

यादीकडे नंतर येतो. आधी कॅम्परवरची प्लेट शोधा, बहुतेक पुढच्या बाजूला डावीकडे असेल. तिच्यावर सामानासकट जास्तीत जास्त किती वजन चालतं ते लिहिलेलं असतं. त्यातून रिकाम्या कॅम्परचं वजन वजा करा. जे उरेल तेवढंच तुमचं सामान. आकडे इथे टाका, मग पुढचं बोलू.

पॉप-अपमध्ये जागा संपायच्या कितीतरी आधी वजनाची मर्यादा संपते. बाहेरून पाहणाऱ्याला हे पटत नाही, कारण आत भरपूर पोकळ जागा दिसते. पण आस (दोन चाकांना जोडणारा दांडा), टायर आणि चौकट हलक्या ओझ्यासाठीच बनवलेली असतात.

तंबूतली_आई

मी या यादीतून सगळ्यात आधी छपरावरच्या सायकली काढीन. बाकी पाना_पक्कड दादा सांगतीलच.

चाकोरीबाहेर

@पाना_पक्कड, प्लेट सापडली. जास्तीत जास्त १२५० किलो. पुस्तिकेत रिकामं वजन १०२० किलो दिलंय. म्हणजे २३० किलो उरले ना? हे तर पुष्कळ वाटतंय.

पाना_पक्कड

वाटतं खरं. आता पुस्तिकेत बारीक अक्षरात बघा, त्या १०२० मध्ये बॅटरी आणि गॅस धरलाय का? बहुतेक वेळा धरलेला नसतो. बॅटरी साधारण २२ किलो. ९ किलो गॅसचा लोखंडी सिलिंडर भरल्यावर १७ किलोच्या आसपास. हे झाले ३९. पाणी म्हणजे लिटरला एक किलो, टाकी पूर्ण भरली तर ७५. बेरीज ११४. तुमच्या २३० मधले ११६ उरले, आणि अजून एकही डबा आत गेलेला नाही. त्यात फोम, पाच खुर्च्या, टेबल, भांडी, पांघरुणं, शौचालय आणि पाच जणांचे कपडे बसवायचे आहेत. आधीच्या मालकाने छतावर एसी बसवला असेल तर त्याचेही चाळीसेक किलो धरा.

म्हणून माझा सल्ला: यादीतली प्रत्येक वस्तू घरच्या वजनकाट्यावर ठेवा आणि तिचं वजन वहीत लिहा. एक संध्याकाळ जाते, पण मग ‘हेही घेऊ या’वरून वाद होत नाहीत. आमच्या घरात ती वही अजून आहे, पंधरा वर्षं झाली.

रानभूल

पाण्याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. टाकी खाली, चौकटीजवळ असते, त्यामुळे ते वजन खालच्या पातळीवर राहतं आणि तितकं त्रासदायक होत नाही. आम्ही जातो तिथे नळ असेलच याची खात्री नसते, म्हणून आम्ही नेहमी घरूनच भरून नेतो. मात्र अर्धवट भरत नाही. एक तर पूर्ण, नाही तर रिकामी. अर्धवट टाकीत पाणी मागेपुढे डचमळतं.

पाना_पक्कड

@रानभूल, सहमत, पण एका अटीवर. टाकी आसाच्या पुढे आहे की मागे, हे आधी बघायला हवं. मागे असेल तर भरलेली टाकी हिचवरचं, म्हणजे गाडी आणि ट्रेलर जोडणाऱ्या सांध्यावरचं वजन कमी करते, आणि धोका तिथेच असतो. @चाकोरीबाहेर, मुक्कामी नळ आहे हे नक्की असेल तर घरून प्यायच्या पाण्याचे दोन कॅन न्या आणि टाकी पोचल्यावर भरा.

आता हिचवरच्या वजनाबद्दल. हा भाग कृपया नीट वाचा, कारण बाकी सगळं चुकलं तर गैरसोय होते, हे चुकलं तर अपघात होतो.

भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के वजन हिचच्या गोळ्यावर टेकलेलं असावं. त्याहून कमी झालं, म्हणजे मागचा भाग जड झाला, की वेगात ट्रेलरचं शेपूट डावी-उजवीकडे हलायला लागतं आणि ते हेलकावे वाढत जातात. १५ टक्क्यांच्या वर गेलं की ओढणाऱ्या गाडीची मागची बाजू दबते, पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग सैल लागतं. आणि हे वजन तुमच्या गाडीच्या भारक्षमतेतूनही वजा होतं, म्हणजे पाच माणसं + डिकीतलं सामान + हिचवरचं वजन, असं सगळं मिळून धरायचं.

मोजायचं कसं? वजनाच्या पुलावर नेऊन एकूण वजन घ्याच. हिचवरचं वजन घरी मोजता येतं, पण बाथरूमचा काटा साधारण १५० किलोपर्यंतच दाखवतो, म्हणून फळीची युक्ती. एक मजबूत फळी घ्या. एक टोक विटेवर, दुसरं काट्यावर, दोन्ही सारख्या उंचीला. फळी ठेवून काटा शून्यावर आणा. आता दोन टेकूंमधल्या अंतराचे तीन समान भाग करा आणि ट्रेलरचं तोंड विटेपासून एक भाग, काट्यापासून दोन भाग अंतरावर टेकवा. काटा जे दाखवेल त्याला तिनाने गुणा. मोजताना ट्रेलर सपाट असावा, जोडल्यावर जितक्या उंचीला राहतो तितक्याच, आणि चाकांना ठोकळे लावलेले असावेत.

संथ_प्रवासी

ही फळीची युक्ती मला दहा वर्षांपूर्वी कोणी सांगितली असती तर फार बरं झालं असतं. आमच्या दुसऱ्याच सहलीत मी सगळ्या जड वस्तू मागच्या पलंगाखाली भरल्या होत्या, कारण दार तिकडून जवळ होतं. उतारावर एक मोठा ट्रक बाजूने गेला आणि कॅम्पर हलायला लागला. मी घाबरून ब्रेक दाबला. नेमकं तेच करायचं नसतं. हेलकावे दुप्पट झाले. आम्ही वाचलो ते रस्ता रिकामा होता म्हणून.

असं झालं तर काय करायचं ते पाठ करून ठेवा: स्टिअरिंग सरळ धरायचं, पाय ॲक्सिलरेटरवरून उचलायचा, गाडीचा ब्रेक दाबायचा नाही, वेग वाढवून ‘सरळ करायला’ जायचं नाही. ट्रेलरला विजेवरचे ब्रेक असतील आणि गाडीत कंट्रोलर असेल तर त्यावरची कळ हाताने हळूहळू दाबून फक्त ट्रेलरचे ब्रेक लावायचे. आणि शांत झाल्यावर थांबून सामान पुढे सरकवायचं. मी त्या दिवशी रस्त्याकडेला सगळं उतरवून पुन्हा भरलं. बायको मुलांना कुंपणापलीकडे घेऊन उभी होती. ते दृश्य मी विसरलेलो नाही.

चाकोरीबाहेर

बापरे. @संथ_प्रवासी, मनापासून लिहिलंत, धन्यवाद. आम्ही रविवारी सगळं भरून मोजतो.

सायकलींबद्दल कोणी सांगेल का? स्टँड आधीच्या मालकाने दिलाय, छपरावर आडव्या पट्ट्याही आहेत.

तंबूतली_आई

पट्ट्या असल्या तरी पुस्तिकेतला आकडा बघा, आणि एक गोष्ट लक्षात घ्या. धावताना छप्पर पेटीवर टेकलेलं असतं, त्यामुळे भार पेटीवर जातो. वर उचलताना तोच भार चार बारीक खांबांवर आणि तारेच्या दोरांवर येतो. म्हणून छपरावर काहीही असेल तर ते उतरवूनच हँडल फिरवायचं. आता कल्पना करा, सहा तास प्रवास, संध्याकाळ, झिमझिम पाऊस, आणि आधी दोन सायकली डोक्याच्या उंचीवरून उतरवायच्या. कंटाळा करून तशाच वर उचलल्या की एक दिवस तार तुटते. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबाची तुटली. छप्पर तिरकं होऊन अडकलं, कोणाला लागलं नाही, पण ती सहल तिथेच संपली.

सायकली ओढणाऱ्या गाडीच्या छतावर न्या.

पाना_पक्कड

+१. त्याला जोडून: छप्पर वर-खाली करणाऱ्या काही जुन्या विंचना (तार गुंडाळणाऱ्या चक्रांना) आतून ब्रेक नसतो. हँडल सोडलं की ते उलट गरागरा फिरतं आणि मनगट मोडू शकतं. तुमचं कसलं आहे ते रिकाम्या जागेत, मुलं लांब ठेवून, आधी थोडंसंच उचलून बघा. आणि छप्पर वर गेल्यावर टेकूचा दांडा दिलेला असेल तर तो लावल्याशिवाय कोणी आत डोकं घालायचं नाही.

विजेरी

माझा विषय बॅटरी, म्हणून तेवढंच लिहिते.

साधी लेड-ॲसिड बॅटरी निम्म्याच्या खाली उतरवू नका, आयुष्य झपाट्याने कमी होतं. म्हणजे ८० अँपिअर-तासांची बॅटरी असेल (अँपिअर गुणिले तास, हे बॅटरीतल्या साठ्याचं माप) तर वापरायला तुमच्याकडे ४० आहेत. मल्टिमीटर ठेवा: काही काळ काहीही चालू नसताना १२.७ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.१च्या आसपास म्हणजे निम्मी.

आता खर्च बघा. जुने पिवळे बल्ब प्रत्येकी दीड अँपिअरच्या आसपास घेतात. तीन बल्ब चार तास, म्हणजे १८ अँपिअर-तास गेले. तेच एलईडी लावलेत तर तीन-चारात काम होतं. संपूर्ण कॅम्परमध्ये करण्यासारखी सगळ्यात स्वस्त आणि सोपी सुधारणा हीच, अर्ध्या तासाचं काम.

हीटर गॅसवर चालतो म्हणून निर्धास्त राहू नका. त्याचा पंखा बॅटरीवर चालतो, साधारण ३ अँपिअर. थंडीच्या रात्री दहा तासांपैकी निम्मा वेळ चालला तरी १५ गेले. चार रात्री वीज नसलेल्या जागी राहणार असाल तर १०० वॉटचं एक सौर पॅनल आणि कंट्रोलर घ्या. चांगलं ऊन असेल तर दिवसाला २५-३० अँपिअर-तास परत येतात.

आणि फ्रिज! तीन प्रकारे चालणारा असेल (गॅस, घरची वीज, १२ व्होल्ट) तर तो १२ व्होल्टवर दहा अँपिअरच्या आसपास ओढतो. गाडी चालू असेपर्यंत ठीक. वाटेत थांबलात आणि बंद करायला विसरलात तर चार तासांत तुमचे ४० संपले. आमचं एकदा असंच झालं. मुक्कामी पोचलो तर आत मिट्ट काळोख, हीटरचा पंखाही फिरेना, आणि धाकटी तापाने फणफणलेली. त्या रात्री तिला मांडीवर घेऊन मी गाडीत बसून काढली. तेव्हापासून गाडी थांबली की कोणी ना कोणी ‘फ्रिज!’ म्हणून ओरडतंच.

या फ्रिजला गार व्हायला वेळ लागतो. निघायच्या आदल्या दिवशी घरच्या विजेवर लावून ठेवा, आणि आत ठेवायचं सामानही आधीच गार केलेलं असू द्या. मुक्कामावर कॅम्पर सपाट असला पाहिजे, तिरका राहिला तर तो नीट गार करत नाही आणि हळूहळू खराबही होतो.

उंबरठा

छान माहिती. वाचनखूण साठवली आहे.

चाकोरीबाहेर

@विजेरी ताई, धाकटीचं वाचून पोटात कालवलं. एलईडी आजच बदलते.

आता खरा गोंधळ सांगते. काल सामान भरायचा सराव केला. सगळं नीट बसलं, छप्पर खाली आणलं, आणि मग लक्षात आलं की ठोकळे, जॅकचं हँडल आणि पाणसळ आतच, पार मागच्या कप्प्यात. पुन्हा सगळं उघडलं. भरायचा काही क्रम असतो का?

तंबूतली_आई

असतो, आणि माझ्या मते ‘काय न्यायचं’पेक्षा तोच महत्त्वाचा. मी भरताना स्वतःला एकच प्रश्न विचारते: अंधारात, पावसात पोचलो तर पहिल्या दहा मिनिटांत काय लागेल? ते कॅम्परच्या आत ठेवायचंच नाही. ते गाडीच्या डिकीत, सगळ्यात वर, एका पिशवीत: ठोकळे, सपाटीसाठी फळ्या, पाणसळ, विंचचं हँडल, हातमोजे, डोक्याला लावायचे दिवे. सगळ्यांचे रेनकोट मात्र डिकीतही नाही, सीटवर.

दुसरी गोष्ट, बंद कॅम्परच्या दाराचा फक्त खालचा अर्धा भाग उघडतो, आणि त्यातून ओणवं होऊन हात जाईल तेवढंच मिळतं. तिथे वाटेत लागणाऱ्या वस्तू: कोरडे कपडे, प्रथमोपचार, शौचालय. जड वस्तू आसाच्या वर किंवा किंचित पुढे, जमिनीवर. पलंग आत सरकतात तेव्हा ओट्यावर आणि बाकांवर टेकायच्या बेताने येतात, म्हणून त्या उंचीच्या वर काही ठेवायचं नाही. छपराच्या कड्या जोर लावून बसवायला लागल्या तर थांबा, काहीतरी अडतंय. आम्ही एकदा जोर लावला आणि एका उशीमागे राहिलेल्या डब्याने छताला पोचा आणला.

प्लास्टिकचे डबे दोनच न्या, स्वयंपाकाचा एक, अवजारांचा एक. कपड्यांना मऊ पिशव्या. बाकाखालच्या जागा वेड्यावाकड्या असतात, त्यात मऊ पिशवी बसते, डबा बसत नाही. प्रत्येकाला एक पिशवी, प्रत्येकाचा रंग वेगळा. मुलांना आपापली भरू द्या आणि वजनही त्यांनाच करू द्या. माझा मुलगा सहा वर्षांचा असताना त्याने स्वतःहून खेळण्यातला ट्रक काढून पांघरूण ठेवलं होतं, मला तो क्षण अजून आठवतो.

पांघरुणं पलंगावरच पसरून ठेवली तर वेगळी जागा लागत नाही, मात्र थर पातळ हवा. फोमचं तेच. पाच सेंटिमीटरचा घेतलात तर छप्पर बसतंय का ते आधी बघा.

पाना_पक्कड

उभारायचा क्रमही लिहून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा:

गाडीला जोडलेलं असतानाच डावी-उजवी सपाटी बघायची, खालच्या बाजूचं चाक फळीवर चढवायचं. मग ठोकळे, दोन्ही चाकांना, पुढून आणि मागून. मगच हिच सोडायची. पुढच्या जॅकने मागची-पुढची सपाटी. चार कोपऱ्यांचे आधार खाली, जमिनीला घट्ट टेकतील इतकेच. ते डगमग थांबवायला असतात, कॅम्पर उचलायला नाही. त्यांनी उचलायला गेलात तर चौकट पिळते आणि दार बसेनासं होतं. मग छप्पर, मग पलंग, लगेच पलंगांखालचे तिरके दांडे, आणि ते बसल्याची खात्री झाल्यावरच मुलांना वर चढू द्यायचं. पलंगाची वजनमर्यादा पुस्तिकेत असते.

ठोकळ्यांआधी हिच कधीच सोडायची नाही. कितीही सपाट दिसो.

रानभूल

टायरबद्दल कोणीच लिहिलं नाही. जुना कॅम्पर आहे म्हणून कळकळीने सांगतो. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात, पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. ट्रेलरचे टायर नक्षी झिजायच्या आधी उन्हाने आणि उभं राहून संपतात. पाच-सहा वर्षांच्या पुढे गेले असतील तर दिसायला नवे असले तरी बदला. हवा टायर थंड असताना भरायची, प्लेटवर लिहिल्याइतकी, कमी नाही. ट्रेलरच्या बऱ्याच टायरांची वेगमर्यादा ताशी १०४ किलोमीटरच असते, आणि आम्ही तर ९० च्या वर जातच नाही. स्टेपनीची हवाही बघा.

चाकं काढून लावली असतील तर नट १५, ४० आणि ८० किलोमीटरनंतर टॉर्क पान्याने पुन्हा तपासा. बेअरिंगचं ग्रीस वर्षातून एकदा किंवा १९,००० किलोमीटरनंतर. जुना कॅम्पर घेतलाय, आधीच्या मालकाने कधी केलं होतं ते कळायला मार्ग नाही, म्हणजे आत्ताच करा. प्रत्येक थांब्यावर चाकाच्या मध्यभागाजवळ हात नेऊन बघा. एक बाजू दुसरीपेक्षा खूप गरम असेल तर पुढे जाऊ नका.

उंबरठा

मी सहसा नुसती वाचते, पण सासूबाई येणार आहेत म्हणून लिहिते. माझी आई शेवटची तीन वर्षं आमच्याबरोबर पॉप-अपमध्ये यायची.

बाहेरचे पलंग उंच असतात, चढताना गुडघा वर घ्यावा लागतो. त्यांना टेबल खाली पाडून होणारा मधला पलंग द्या. तो बाकाच्या उंचीचा असतो, पाय जमिनीला टेकतात, रात्री उठणं सोपं जातं. फोम फक्त त्यांच्याच पलंगाला घेतला तरी चालेल, वजन वाचेल. दाराबाहेरची लोखंडी पायरी अरुंद असते आणि ओली झाली की निसरडी. तिच्यापुढे एक रुंद, भक्कम पायरी ठेवा आणि दाराजवळ धरायला मूठ बसवून घ्या, पण ती खालच्या पक्क्या भिंतीत, कापडाच्या दांड्याला नाही. जमिनीलगत एक मंद दिवा रात्रभर. शौचालय मधल्या पलंगाजवळ, भोवती पडदा. आईला सगळ्यात जास्त संकोच त्याचाच होता. पडदा लावला त्या रात्रीपासून ती पाणी पोटभर प्यायला लागली. आधी मुद्दाम कमी प्यायची, आम्हाला कळलंच नव्हतं.

पाच वर्षांच्या मुलासाठी पलंगाच्या आतल्या कडेला कठडा.

विजेरी

उंबरठा ताई, किती नेमकं लिहिलंत.

जाता जाता सुरक्षेचं. गॅस हवेपेक्षा जड असतो, तो खाली साठतो, म्हणून गॅसचा गजर जमिनीलगत असतो. कार्बन मोनॉक्साइडचा वेगळा. दोन्हींवर मुदतीची तारीख असते, जुन्या कॅम्परमध्ये ती हमखास उलटून गेलेली असते. थंडी वाजते म्हणून शेगडी पेटवून झोपायचं नाही, कधीच नाही. स्वयंपाक करतानाही खिडकीची झिप थोडी उघडी. कापड फार लवकर पेट घेतं, म्हणून अग्निशामक दाराजवळ, आणि मुलांना पलंगाच्या टोकाची कापडी कड कुठे सुटते ते दाखवून एकदा तिथून बाहेर पडायचा सराव करून घ्या. आमच्या मुलांना तो खेळ वाटला, तीनदा केला.

चाकोरीबाहेर

रविवारचे आकडे. टाकी रिकामी, बाकी सगळं भरून एकूण ११९० किलो. फळीवर काट्याने ३८ दाखवले, म्हणजे ११४. हे ९.६ टक्के झाले! अवजारांचा डबा, टेबल आणि भांडी मागून काढून आसाच्या पुढे आणली. पुन्हा मोजलं, ४६, म्हणजे १३८ किलो, ११.६ टक्के. खुर्च्या पाचऐवजी तीन, कारण मुलं चटईवर बसतात. सायकली गाडीच्या छतावर. टायर २०१४ चे निघाले, चारही आकडे वाचून हात थरथरला. नवे घातले, बेअरिंगही करून घेतले.

शुक्रवारी निघतोय. सासूबाईंनी त्यांची पिशवी (निळी, ६ किलो) तीन दिवस आधीच भरून दाराशी ठेवली आहे.

तंबूतली_आई

छान जाऊन या! परतताना पाऊस असेल तर: कापड घडी करताना ते गाद्यांवरच पडतं, म्हणून गाद्यांवर आधी प्लास्टिक पसरा. एका खिडकीची झिप उघडी ठेवा म्हणजे आतली हवा निघून जाते आणि कापड फुगत नाही. हँडल फिरवताना चारही बाजूंनी फिरून कापड आत ढकलत राहा, सांध्यात अडकलं की फाटतं.

चाकोरीबाहेर

परत आलो. चारपैकी शेवटच्या रात्री धो धो पाऊस झाला आणि आम्ही ओल्यातच आवरलं. प्लास्टिक गाद्यांवर टाकलं होतं, ते वाचवून गेलं.

बाकी सगळं सांगत बसत नाही, एकच सांगते. दुसऱ्या दिवशी पहाटे मला जाग आली तेव्हा सासूबाई उठून, स्वतः दार उघडून, त्या रुंद पायरीवर शाल गुंडाळून बसल्या होत्या. कोणालाही हाक न मारता. तंबूत असताना त्यांना दरवेळी कोणाला तरी उठवावं लागायचं. @उंबरठा ताई, पडदा आणि पायरी, दोन्हींसाठी तुमचे आभार कसे मानू कळत नाही.

दोन प्रश्न. काल रात्री घरी पोचलो, कॅम्पर अजून बंदच आहे. किती वेळ असा ठेवला तर चालेल? आणि तिसऱ्या दिवशी पलंगांच्या कडेची पांघरुणं ओलसर लागत होती, पाऊस नसतानाही. कापड गळतंय का?

पाना_पक्कड

आज उघडा, आत्ताच. जास्तीत जास्त २४ ते ४८ तास, ऊबदार हवेत त्याहूनही कमी. बुरशीचे काळे डाग एकदा पडले की जात नाहीत. पुन्हा पाऊस असेल तर छप्पर अर्धं वर घेऊन आत पंखा लावून ठेवा. झिपा आणि खालच्या शिवणी सगळ्यात शेवटी वाळतात, त्या हाताने चाचपून बघा. सुती कॅनव्हास असेल तर साबण लावू नका, पाणी अडवायचा गुण जातो, साधं पाणी आणि मऊ ब्रश पुरे.

तंबूतली_आई

गळत नाही. पाच माणसांच्या श्वासातली वाफ थंड कापडावर आणि गादीखालच्या थंड फळीवर साठते. पुढच्या वेळी झोपताना समोरासमोरच्या दोन खिडक्या चार बोटं उघड्या ठेवा, थंडी असली तरी. गादीखाली हवा खेळेल अशी जाळीची चटई घाला, आणि पलंगाच्या कापडी छतावर बाहेरून चमकदार आच्छादन क्लिपांनी लावा. कापड रात्री कमी गार पडतं आणि दुपारी आत उकडतही नाही. वजन दीड-दोन किलो, वहीत लिहून ठेवा.

चाकोरीबाहेर

उघडला. गाद्या कोरड्या आहेत, मागच्या कोपऱ्यातली शिवण ओली आहे, पंखा लावलाय. मुलं आत बसलीयेत, बाहेर यायला तयार नाहीत.